माळ्याच्या खड्ड्यातलं निर्माल्य

१० नोव्हेंबर १९८६, सोमवार. दिवाळी उरकली होती, तुळशीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि अंगणातला हौद अर्धा रिकामा करायचा होता. मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवत असे. शाळा सुरू झाली की असली कामं राहून जातात, म्हणून सुट्टीतच पदर खोचून लागले.

हौद मुळात म्हशीच्या पाण्यासाठी बांधलेला. म्हैस केव्हाच विकली होती. आता त्यात पाणी दिसतच नव्हतं. गुडघ्याएवढी उंच हिरवी पानं एकमेकांना खेटून उभी होती आणि त्यांच्यातून निळसर जांभळ्या फुलांचे तुरे वर आले होते. एक तुरा ओढला की अख्खं झाड हातात यायचं, खाली ओल्या केसांसारखी काळी मुळं. दोन घमेली भरून झाडं काढली तेव्हा कुठं पाण्याचं तोंड दिसलं.

"अर्धीच काढ गं," ओसरीवरून आत्याबाई म्हणाल्या. "दत्तजयंतीपत्तर फुलं पुरली पाह्यजेत."

"पुरतील. डास किती झालेत बघा. रात्री तुम्हीच बेजार होता."

"डासाचं काय, ते चावनारच. अन् ती काढलेली झाडं उकिरड्यावर फेकू नको. देवाची हायेत. नदीला सोड."

"सोडते," मी म्हटलं, आणि दुपारी दोन्ही घमेली नदीला सोडून आले.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. लहानपणी लग्न, लहानपणीच वैधव्य, तेव्हापासून माहेरी. सासू-सासरे गेल्यावर घरात वडीलधारं माणूस तेवढंच उरलं होतं. आदल्या वर्षी हिवाळ्यात माझं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. नांदेडला दवाखान्यात नेताना माझी अवस्था वाईट होती. इकडे घरी दत्ताच्या तसबिरीपुढं बसून आत्याबाई बोलून गेल्या: ही धड घरी आली तर पुढच्या दत्तजयंतीपर्यंत रोज एकशे आठ निळी फुलं वाहीन, आणि आदल्या दिवशीचं निर्माल्य वाहत्या पाण्यात पोचल्याशिवाय तोंडात घास घालणार नाही. मी धड घरी आले. मला नवससायास फारसे पटत नाहीत. पण ज्या नवसाच्या जोरावर आपण वाचलो असं घरातल्या माणसाला वाटतं, त्या नवसाशी हुज्जत घालता येत नाही.

निळी फुलं म्हणजे त्यांच्या मनात अंगणातली गोकर्ण होती. उन्हाळ्यात वेल वाळला. भटजींनी कुठलंही निळं फूल चालेल म्हणून सांगितलं. पण कुठलंही म्हणजे कुठलं, आमच्याकडच्या वैशाखात? तेवढ्यात राणीसावरगावला एका लग्नाला गेलो होतो. तिथं लग्नघरच्या मळ्यातल्या डबक्यात हे झाड आत्याबाईंना दिसलं. तुपाच्या रिकाम्या डब्यात पाणी घालून त्यांनी चार झाडं मांडीवर धरून एस.टी.तून आणली. कंडक्टर म्हणाला, "आज्जी, मासे आणले का?" आत्याबाई म्हणाल्या, "देव आणलाय, तिकीट काढू का त्याचं?" महिन्याभरात हौद त्या झाडांनी भरला. आत्याबाई खूश, मीही सुटले, कारण फुलांसाठी दारोदार फिरणं माझ्या वाट्याला आलं होतं.

त्यांचे गुडघे गेलेले असल्यामुळं निर्माल्य नदीला नेण्याचा जिम्मा माझ्याकडं होता. रोज सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली टोपली, तिच्यात कालची फुलं. फुलं तोडताना मुळासकट आलेली झाडंही त्यातच. ज्या झाडाचं फूल देवाला गेलं ते झाडही देवाचंच, असा त्यांचा नियम. मी घाटाच्या शेवटच्या पायरीवरून टोपली पालथी करायची आणि परत यायची. मी दारात दिसले की आत्याबाई चहाचं भांडं चुलीवर ठेवायच्या.

आता नदीविषयी. आमच्या गावची नदी लहान. पालिकेनं घाटाच्या खाली बुटका बंधारा घालून पाणी अडवलं होतं आणि काठावर बाग केली होती: चार बाक, कडुलिंब, एक घसरगुंडी. दत्ताच्या देवळासमोर डोह आहे. त्यात कोणी गळ टाकत नाही. ते मासे देवाचे समजतात आणि पोरं त्यांना कणकेच्या गोळ्या घालतात. त्या वर्षांत विद्यापीठाच्या नामांतरावरून कधी मोर्चा, कधी बंद. बंद असला की पालिकेचा माळी यायचा नाही. म्हणून आमच्या महिला मंडळानं दर रविवारी बागेचं काम अंगावर घेतलं होतं, आणि मंडळाची प्रमुख मी.

पाऊस ओसरल्यावर डोहाच्या कडेला जलपर्णीचा एक पट्टा दिसला. सूप ठेवावं एवढा. पुढच्या रविवारी दोन खाटांएवढा. दिवाळीपर्यंत निम्मा डोह झाकला. आम्ही बांबूला आकडी बांधून ओढून काढत होतो, काठावर ढीग करत होतो, आणि आठवड्यात ते पुन्हा तेवढंच. सकाळी मासे उरलेल्या पाण्यात वर येऊन तोंडं उघडी टाकायचे. एके दिवशी पायरीशी दोन मोठे मासे पोट वर करून पडलेले मी पाहिले.

हे कुठून आलं? मीच सगळ्यांना सांगितलं होतं, वरच्या गावाहून वाहत आलं. ती नदीतली झाडं मी स्वतःच्या हातानं उपटत होते आणि ती आमच्या हौदातली नव्हेत याची मला पक्की खात्री होती. हौदातली उंच, सडपातळ. नदीतली बुटकी, पसरट, देठाला लहान कांद्यासारखी फुगीर बोंडं. नदीत फूलही अजून आलं नव्हतं. दोन्हींचा संबंध मनातसुद्धा आला नाही.

तुळशीच्या लग्नानंतर बारा-पंधरा दिवस गेले असतील. सकाळी तांब्या बुडवायला हौदाशी गेले. मी मोकळ्या केलेल्या पाण्यावर नवी झाडं पसरली होती. बुटकी, पसरट, देठाला बोंडं. एक बोंड दाबून पाहिलं, आत स्पंजासारखं. पलीकडच्या अर्ध्या भागात, दाटीत, जुनी उंच झाडं तशीच उभी. एकाच पाण्यात दोन्ही. खेटून वाढलं की उंच होतं आणि जागा मिळाली की गोल, एवढाच फरक होता.

पावसाळाभर मी रोज टोपली भरून नेत होते. दिवाळीनंतरची ती दोन घमेली तर मी वर उचलून, लांब फेकून सोडली होती, पायरीवर घाण नको म्हणून.

त्याच वेळी ओसरीवर जाऊन सांगायला हवं होतं. मी विचार केला तो असा: दत्तजयंतीला जेमतेम तीन आठवडे राहिलेत. सांगितलं तर आत्याबाई फुलं बंद करतील. फुलं बंद म्हणजे नवस मोडला. नवस मोडला म्हणजे माझं दुखणं उलटणार या धास्तीनं म्हातारी झुरेल. त्यापेक्षा तीन आठवडे गप्प बसावं, निर्माल्य दुसरीकडं टाकावं, मग हौद उपसून कोरडा करावा. कुणाचं काही बिघडत नाही. दोन मिनिटांत ठरवलं आणि तांब्या घेऊन आत आले.

बागेच्या मागं माळ्याचा पालापाचोळ्याचा खड्डा होता. दुसऱ्या दिवसापासून मी घाटाकडं न वळता तिकडं गेले. टोपली पालथी केली, पायानं माती ओढली. पायानं ओढली हे तेव्हाच खटकलं, कारण निर्माल्याला पाय लागू नये म्हणून तर ते पाण्यात सोडतात. मग हातानं ओढली.

घरी आले तर आत्याबाई रोजच्यासारख्या उंबऱ्याशी.

"सोडलंस का गं?"

"सोडलं."

"धारेला?"

"धारेला."

"बरं झालं बाई. ये, चहा घे."

आणि त्यांनी भाकरीचा तुकडा चहात बुडवून तोंडात घातला. माझ्या शब्दावर. त्याआधी हा प्रश्न त्या रोज विचारत होत्या आणि मी कधी नीट ऐकलाही नव्हता. आता तो ऐकू यायला लागला. परतताना वाटेतच मी उत्तराची तयारी करायची. एकदा तर त्यांनी विचारायच्या आतच "सोडलं, सोडलं" म्हणून टाकलं. त्या हसल्या. "येवढी घाई कशाची? भूक तर मला लागलीय."

डिसेंबरातला पहिला रविवार. आम्ही बायका डोहावर. तलाठीणबाई म्हणजे तलाठ्याचं कुटुंब, तोंडानं फटकळ, हातानं आमच्यात सगळ्यात चपळ. आणि सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर. बाकीच्या काठावर ढीग ओढत होत्या.

"पुढच्या रविवारी वरच्या गावाला जाऊ," तलाठीणबाई म्हणाल्या. "सरपंचाच्या दारात हे घमेलं पालथं करते. म्हणते, घ्या तुमचा माल."

"तुम्ही पालथं कराल, पण भाषण कोण करणार?" सिस्टर म्हणाल्या. "बाईच करतील. पोरींवर ओरडून आवाज तयार आहे त्यांचा."

मी आकडी खाली ठेवली. परक्या गावात जाऊन बोंब मारायची म्हणजे फारच झालं असतं.

"वरच्या गावचं नाही हे," मी म्हटलं.

"मग काय, आभाळातून पडलं?"

"आमच्या हौदातलं आहे. निर्माल्याबरोबर मीच आणून सोडलं. मला माहीत नव्हतं."

तलाठीणबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "म्हणजे सहा दिवस तुम्ही पेरता अन् सातव्या दिवशी आम्ही उपटतो! बरं कामाला लावलंत की हो बाई गावाला!" त्या हसायला लागल्या तशा सगळ्याच हसल्या. सिस्टर म्हणाल्या, "आणि वर वरच्या गावाला शिव्या!" मीही हसले. हसण्यावारी गेलं याचं बरं वाटलं.

"मग आता कुठं सोडता?" सिस्टरनी विचारलं.

"माळ्याच्या खड्ड्यात टाकते."

"झाडं ना?"

"झाडं, फुलं, सगळंच."

हसणं थांबलं. "देवाला वाहिलेली फुलं?" तलाठीणबाई म्हणाल्या. "अहो, त्या खड्ड्यात परवा माळ्यानं मेलेलं कुत्रं टाकलं होतं."

"आत्याबाईंना ठाऊक आहे?" सिस्टरनी हळूच विचारलं.

"नाही."

सगळ्या आपापल्या आकड्या उचलून कामाला लागल्या. नदी मी जलपर्णीनं भरली, ते गावाला चालण्यासारखं होतं. देवाची फुलं खड्ड्यात टाकली, हे नव्हतं.

तलाठीणबाईंच्या सासूबाई आणि आमच्या आत्याबाई संध्याकाळी देवळात शेजारी बसत. मी ते विसरले नव्हते. बायका मनात ठेवतील असं धरून चालले, एवढंच.

त्याच संध्याकाळी आत्याबाई देवळातून लवकर आल्या. मी पोळ्या लाटत होते. त्या स्वयंपाकघराच्या दारातच भिंतीला टेकून खाली बसल्या.

"खड्ड्यात टाकलंस?"

"हो."

"कवापासून?"

"आठ-दहा दिवस झाले."

"अन् मी रोज इचारत व्हते."

"हो."

"मंग इतके दिवस मी जेवले ते कशावर गं?"

तव्यावरची पोळी जळाली. मी ती उतरवली, स्टोव्ह बंद केला आणि हौदाकडं गेले. एक उंच झाड आणि एक बुटकं आणून त्यांच्यापुढं फरशीवर ठेवलं. सगळं सांगितलं: दाटी, बोंडं, डोह, मासे. त्या ऐकत होत्या.

"देवाचे मासे मरायलेत?"

"दोन मेलेले मी पाहिले."

"मला सांगितलं असतंस तर मी काय म्हनले असते? मरू दे म्हनले असते?"

"तुम्ही फुलं बंद केली असती. नवस मोडला असता. तुमच्या जिवाला..."

"माझ्या जिवाचं ऱ्हाऊ दे. तुझ्या जिवासाठी बोलले व्हते मी." त्यांनी उंच झाडाचा तुरा हातात घेतला आणि नखानं एकेक फूल खुडून पदरात टाकलं. देठ बाजूला ठेवला. "फुलाला मुळं असत्यात का? हे येवढं धारेला सोडायचं. झाड गच्चीवर वाळवायचं अन् बंबात घालायचं. देवाच्याच अंघोळीच्या पान्याला लागलं असतं."

मला हे सुचलं नव्हतं. सुचण्याइतका वेळ मी दिलाच नव्हता. त्यांना विचारलं असतं तर पाच मिनिटांत सुटलं असतं. पण विचारायचं म्हणजे बसायचं, समजावायचं, त्यांचं ऐकून घ्यायचं. मी ठरवून मोकळी झाले होते. घरातली बहुतेक कामं मी अशीच उरकत आले आणि सगळे त्याचं कौतुक करत.

"लहान लेकरासारखं धरलंस मला," आत्याबाई म्हणाल्या. "म्हातारं मानूस, काय सांगायचं त्याला. द्यायचं काय ते हातात, घालतंय तोंडात."

"चुकलं माझं, आत्याबाई."

"चुकलं ते चुकलं. हायेत का ती फुलं तितं?"

"सडली असतील."

"सडू दे. हायेत का?"

"आहेत."

"मंग पान्यात पोचली न्हाईत येवढंच हाय." त्या भिंतीला धरून उठल्या. मी ताट वाढायला घेतलं तर म्हणाल्या, "ती पोचल्यावर बघू." माझे यजमान शाळेच्या मीटिंगहून आल्यावर त्यांनीही विनवून पाहिलं. आत्याबाई पांघरूण घेऊन भिंतीकडं तोंड करून निजल्या. सकाळी अकराला जेवल्या होत्या, सत्तरी उलटलेली बाई. मीही त्या रात्री जेवले नाही, पण माझ्या न जेवण्याला काही किंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी दोन घमेली आणि खुरपं घेऊन खड्ड्याशी गेले. वरचा पाला बाजूला सारला, माती उकरली. खाली फुलं होती खरी, पण काळी, चिकट, कडुलिंबाच्या कुजलेल्या पाल्याशी एकजीव झालेली. झाडं मात्र तशी मेली नव्हती. मुळांची टोकं पांढरी होती, बोंडं आतून हिरवी. हे असंच नदीत गेलं तर महिन्याभरात डोह पुन्हा झाकणार. म्हणून निवडत बसले. फुलांचा लगदा एका घमेल्यात, झाडाचा बारीकसुद्धा तुकडा दुसऱ्यात. नीट निवडावं तर वेळ लागत होता, आणि जितका वेळ लागत होता तितका वेळ आत्याबाई उपाशी होत्या. हात घाईनं चालवला की लगद्यातून बोंड निसटायचं. मग पुन्हा तीच मूठ पसरून पाहायची.

माळी आला. "बाई, काय सांडलं का? अंगठी?"

"फुलं निवडायलेय."

"ही?" त्यानं वाकून पाहिलं. "ह्यातलं काय निवडायलात?"

"तुम्ही त्या कोपऱ्यातून उकरा. कुत्रं कुठं टाकलं होतं?"

"ते त्या टोकाला हाय. हिकडं न्हाई." एवढं ऐकून मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही.

ऊन चांगलं वर आलं तेव्हा एक घमेलं भरलं. बंधाऱ्याच्या खाली पाणी दगडांवरून वाहतं, तिथं जाऊन बसले आणि मूठ-मूठ सोडली, प्रत्येक मूठ दोन्ही हातांनी चाचपून. तरी तीन-चार बोंडं सापडली. ती पदराच्या गाठीत बांधली. शाळेची पहिली घंटा झाली ती तिथूनच ऐकली. झाडांचं घमेलं घरी आणून गच्चीवर उन्हात पालथं केलं.

आत्याबाई तुळशीपाशी बसल्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही, म्हणून मीच सांगितलं. म्हटलं, सगळं उकरलं आणि धारेला सोडलं. पण त्यात फुलं किती होती आणि कडुलिंबाचा पाला किती, ते मला सांगता येणार नाही. वेगळं करता आलं नाही. त्यांनी माझ्या नखांतल्या मातीकडं पाहिलं. मी हात धुऊन स्टोव्ह पेटवला, पोह्यांना फोडणी दिली आणि दोन ताटल्या काढल्या.